बाजूच्या दाराचे हेडमास्तर

आमच्या हेडमास्तरांबरोबर प्रवास करायचा प्रसंग माझ्यावर एकूण चार वेळा आला. चारही वेळा घरी पोचल्यावर मी बायकोला सांगितलं, की या माणसाबरोबर पुन्हा शहापूरच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. तिसऱ्या वेळेपासून तिनं ते ऐकणं सोडून दिलं.

बेळगावला लागून असलेल्या शहापुरातल्या मराठी शाळेत मी ड्रॉइंग शिकवत होतो. ते गणित शिकवत आणि शाळा चालवत. मला ते कधी नावानं हाक मारत नसत, 'ड्रॉइंगवाले' म्हणत. अंगात काळा लांब कोट, डोक्याला घट्ट आवळलेला रुमाल, आणि बोलताना नजर समोरच्याच्या तोंडाकडे न ठेवता शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर. त्या गुंडीशी बोलल्यासारखे बोलत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडून मोकळा झालो असतो.

रांग त्यांना सहन होत नसे. पोस्टात, दवाखान्यात, देवळात, कुठंही चार माणसं एकामागं एक उभी दिसली की ते तिथून परत फिरत. म्हणायचे, "रांगेत हुबारलेला माणूस दिवसभर दुसऱ्याची पाठ बघतोय. पाठीवर काय लिवलेलं असतंय?" त्यावर त्यांचा उपाय म्हणजे आधी पत्र टाकून वेळ ठरवून घेणं. न्हाव्यालाही ते आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवत, 'उद्या सकाळी साडेसातास येत आहे.' न्हाव्याला वाचता येत नव्हतं. तो ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायचा, मी वाचून दाखवायचो. पिठाच्या गिरणीवर जोंधळे पाठवायचे तरी चिठ्ठी. त्यांच्या घरच्या बाई बिचाऱ्या डबा डोक्यावर घेऊन बायकांच्या रांगेत मुकाट्यानं उभ्या राहत आणि घरी जाऊन सांगत, "तुमची चिठ्ठी बघून लगेच दळून दिलं बघा."

दुसरं वेड म्हणजे म्युझियमं. कुठल्याही गावी जायचं तर तिथं जुन्या वस्तू मांडून ठेवलेली जागा आहे का, हे ते आधी शोधत. ती जागा नुसती बघून त्यांचं भागत नसे. माहिती सांगणारा माणूस आधीच ठरलेला पाहिजे. "दाखवणारा नसंल तर म्युझियम आणि भंगाराचं दुकान यात फरक काय?" असं त्यांचं म्हणणं. मग महिनामहिना आधी जोडकार्डं सुटायची. एका कार्डावर आपला मजकूर, दुसरं कोरं, उत्तरासाठी. मजकुरात आमची संख्या, प्रत्येकाचं वय, कुणाला दमा आहे, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत, सगळं असे. माझ्याबद्दल त्यांनी एकदा लिहिलं होतं, 'हे गृहस्थ मध्येच प्रश्न विचारतात, तरी सांभाळून घ्यावे.'

कोल्हापूरची सहल मी अजून विसरलेलो नाही. आम्ही पाच मास्तर होतो. तिथं एका दालनात जुनी शस्त्रं आणि हत्तीच्या अंबाऱ्या मांडलेल्या होत्या, आणि हेडमास्तरांनी अकराची वेळ ठरवून घेतली होती. बेळगावहून निपाणीपर्यंत नीट आलो. निपाणीत मोटार बदलायची होती. तिथल्या मोटारीतल्या पाच जागाही त्यांनी पत्रानं राखून ठेवल्या होत्या. मोटार आली, तंबाखूच्या बाजाराला आलेली माणसं दोन्ही दारांनी आत घुसली, आणि हेडमास्तर खाली उभे राहून एजंटाला पत्र दाखवत बसले.

एजंट म्हणाला, "मास्तर, जागा कागदावर असतीया व्हय? जागा बाकावर असतीया. चढा की."

"ढकलाढकली आम्ही करणार न्हाय. आमच्या जागा ठरल्यात."

"मग हुबारा."

आम्ही उभे राहिलो. दोन मोटारी गेल्या. आमच्यातला एकजण दुसरीच्या पायरीवर चढला होता, त्याला त्यांनी कोटाला धरून खाली घेतलं. कोल्हापूरला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. दालनात चिटपाखरू नव्हतं. स्टुलावर डुलक्या घेणारा पट्टेवाला म्हणाला, "जावा की आत, बघा." पण हेडमास्तर उंबऱ्यावरच थांबले. आमची वेळ अकराची होती, उशीर झाला ही आमची चूक, पण दाखवणारा आल्याशिवाय आत जाणं बरोबर नाही. त्या गृहस्थांना घरून बोलावून आणलं. ते साडेचारला आले, पाचला दालन बंद झालं. अर्ध्या तासात आम्ही तीन तलवारी पाहिल्या. परत येताना मोटारीत हेडमास्तर समाधानानं म्हणाले, "बघा, एका माणसाची तरी रांग होती का?"

हे असं असूनही मुंबईला मी त्यांच्याबरोबर गेलो, त्याला कारण आप्पा.

आप्पा आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीतले म्हातारे विणकर. त्यांच्या बापानं एकदा कुठल्याशा प्रदर्शनासाठी एक साडी विणली होती. तिचा काठ शहापुरात दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. ती साडी एका गोऱ्या साहेबानं विकत घेऊन मुंबईला नेली. पुढच्याच वर्षी पटकीत बाप गेला. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे, त्यांना अजून मागावर बसवलेलंही नव्हतं. पुढं जन्मभर त्यांनी तो काठ आठवून आठवून विणायचा प्रयत्न केला. वेल यायची, फूल यायचं, पण दोन्ही एकमेकांत कशी गुंफायची ते येत नव्हतं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांची विधवा लेक, जिला सगळी गल्ली आक्का म्हणायची, घरचा माग तीच चालवत होती. तिचा हात चांगला होता. आप्पा म्हणायचे, "एकदा हिनं बघितला म्हंजे झालं. माझी नजर हाय तवर हिला सांगता यील, ह्योच म्हणून."

हे हेडमास्तरांच्या कानावर गेलं आणि जोडकार्डं सुटली. मुंबई, पुणे, कुठंकुठं. आठ महिने चाललं होतं. आम्ही शाळेत हसत होतो. साडी कुणाच्या पेटीत आहे कुणाला ठाऊक, फाटून पोतेरं झालं असेल. आणि दसऱ्याच्या सुमाराला मुंबईच्या एका संग्रहालयातून इंग्रजीत उत्तर आलं. तशी साडी त्यांच्याकडे होती. मांडलेली नव्हती, कोठीत पेटीत होती. दिवाळीच्या सुटीत अमुक दिवशी सकाळी अकराला बाजूच्या दारापाशी यावं, अधिकारी काढून दाखवतील. हे सगळं हेडमास्तरांनी आम्हाला तोंडी सांगितलं. पत्र त्यांनी कुणाच्या हातात दिलं नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

मला म्हणाले, "ड्रॉइंगवाले, तुम्ही यायचं. चौकटीचा कागद घ्या. आक्का बघंल, तुम्ही उतरवून घ्या."

निघायच्या आधी आठवडाभर त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात आमची तालीम घेतली. दार उघडलं की आधी आप्पा, त्यांच्या मागं आक्का, मग ड्रॉइंगवाले. हात आधी धुतलेले पाहिजेत. खोकायचं असेल तर बाहेर. सत्तर वर्षांचे आप्पा त्या व्हरांड्यात तीनतीनदा चालून दाखवत होते आणि मला शरमल्यासारखं होत होतं. आक्का मला हळूच म्हणाली, "मास्तर, साडी बघाय चाललावं का लाटसाहेबाला भेटाय?"

मुंबईत पोचलो त्या दिवशी सुटीमुळं निम्मी मुंबई त्या संग्रहालयासमोर लोटली होती. तिकिटाची रांग फाटकातून बाहेर रस्त्यावर आली होती. हेडमास्तरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्हाला घेऊन ते बाजूच्या दारापाशी गेले. अकराला पाच कमी. दार बंद. अकरा वाजले, दार बंद. सव्वाअकराला एक शिपाई खिडकीतून डोकावला आणि साहेब अजून आले नाहीत म्हणून निघून गेला. ऊन चढलं होतं. बसायला पायरी नव्हती. आप्पा दोन्ही हातांनी सगळा भार काठीवर टाकून उभे होते.

मी म्हणालो, "रांगेत लागू या. तेवढ्यात आत तरी जाऊ."

"दार उघडणार आहे. ठरलंय."

"कोल्हापूरलाही ठरलं होतं."

ते माझ्या गुंडीकडे बघत म्हणाले, "तुम्ही जाऊ नका."

मी ऐकलं नाही. आप्पांचा दंड धरला, आक्काला खूण केली आणि सरळ रांगेच्या शेपटाला जाऊन लागलो. जाताना मागं वळून पाहिलं तर ते त्या बंद दाराला पाठ लावून उभे होते. मनात म्हटलं, राहा उभे.

बारा वाजता वाजता आम्ही आत गेलो. पेंढा भरलेले वाघ पाहिले, दगडी मूर्ती पाहिल्या, चिनी मातीची भांडी पाहिली. प्रत्येक दालनाच्या दारात आप्पा विचारायचे, "कापड कुठं हाय?" एका काचेच्या कपाटात दोनतीन शाली होत्या. आक्कानं नाक काचेला लावून पाहिलं आणि मान हलवली. साडी कोठीत आहे हे मला माहीत होतं. आत शिरलं की कुणाला तरी विचारू, असं मी धरून चाललो होतो. ज्याला विचारलं त्यानं पत्र मागितलं. पत्र बाहेर, बाजूच्या दारापाशी, कोटाच्या आतल्या खिशात. आप्पा एका बाकावर बसले आणि म्हणाले, "असूं दे मास्तर. एवढं तरी बघितलं की." त्यांनी असं म्हणायला नको होतं.

सव्वा वाजायच्या सुमाराला मूर्तींच्या दालनात हेडमास्तर आमच्यासमोर येऊन उभे राहिले. रुमाल सुटून कानावर आला होता, कोट काखेत भिजला होता.

"साहेब बाराला दारात आले होते," ते म्हणाले. "दोन वाजेपर्यंत थांबतो म्हणालेत. चला."

"तुम्ही आत कसे आलात?" मी विचारलं. कारण त्या बाजूच्या दारातून दालनांत यायला वाट नव्हती, हे आतापर्यंत मला कळलं होतं.

"रांगेतनं," ते म्हणाले आणि चालू लागले.

आम्ही बाहेर पडून वळसा घालून पुन्हा त्या दाराशी आलो. या वेळी ते उघडं होतं आणि आत एक तरुण अधिकारी घड्याळ बघत उभा होता. हेडमास्तरांनी खिशातून पत्र काढून माझ्या हातात कोंबलं. "हे दाखवा. मी इथं बसतो. चपला राखायला कुणीतरी पाहिजे."

मी वाद घातला नाही. मला वाटलं, रुसले. आप्पा पुढं, मागं आक्का, मागं मी, असे आत गेलो. अधिकाऱ्यानं बोटानं आम्हाला मोजलं, "तीन. बरोबर." मी पत्र उघडून पाहिलं. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, की कोठी लहान असल्यामुळं तीनपेक्षा जास्त माणसांना प्रवेश देता येणार नाही. पत्र दसऱ्याला आलं होतं.

साडी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती. अधिकाऱ्यानं ती लांब टेबलावर उलगडली. रंग किंचित विटला होता, पण काठ जशास तसा. दोन फुलांच्या मध्ये वळत गेलेली वेल, वेलीच्या दोन्ही अंगांना बारीक पानं. आक्का वाकली आणि पुटपुटत धागे मोजायला लागली. मी चौकटीच्या कागदावर ठिपके भरत गेलो. आप्पांना दिसत होतं की नाही कोण जाणे. त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, "हात लावू का, साहेब?" त्यानं आप्पांचे हात बघून घेतले आणि म्हणाला, "लावा."

आप्पांनी अंगठा काठावरून हळूहळू सरकवत नेला. एका जागी थांबले, मागं आले, पुन्हा त्याच जागी थांबले. "हितं धागा तुटलावता," ते म्हणाले. "बाबा डावरा हुता. गाठ उलटी हाय बघ, आक्का." आक्कानं बोट लावून पाहिलं आणि मान डोलावली. त्यानंतर आप्पा खुर्चीवर बसून राहिले. दोन वाजेपर्यंत साडीचं एक टोक दोन बोटांत धरून होते.

बाहेर आलो तर हेडमास्तर आमच्या चपलांशेजारी जमिनीवर बसले होते. आप्पा आणि आक्का पुढं गेल्यावर मी त्यांना गाठलं.

"तीनच माणसं हे तुम्हाला महिनाभर ठाऊक होतं. सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर आप्पा काय म्हणाले असते? 'मास्तर, एवढी पत्रं तुम्ही घातलासा, तुम्ही आत जावा, मी बाहेर बसतो.'" त्यांनी रुमाल पुन्हा बांधायला घेतला. "आणि तुम्ही त्यांना घेऊन रांगेत गेला नसता तर बारालाच झालं असतं. दोन तास मिळाले असते मोजायला."

खरं होतं, म्हणूनच मला संताप आला. चांगुलपणा केला तर तो माणसानं गप्प राहून करावा. या गृहस्थांनी महिनाभर गप्प राहून नेमकं त्या वेळी तोंड उघडलं होतं.

परतीच्या गाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला चहा घेताना त्यांनी माझा कागद मागितला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "ड्रॉइंगवाले, वेलीच्या या अंगाला अकरा पानं हायत, त्या अंगाला दहा. चुकलंय. एवढा मोठा विणकर असा काठ काढंल का? अकरा पाहिजेत."

"मी डोळ्यांनी मोजलंय."

"घाईत मोजलंय. हिशेब जुळत न्हाय."

"हेडमास्तर," मी म्हणालो, "तुम्ही तो काठ पाहिलेला नाही. तुम्ही बाहेर चपला राखत होता."

समोरच्या बाकावर आक्कानं मान खाली घातली. त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. बेळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. स्टेशनवर आप्पांना टांग्यात बसवून दिलं आणि आपण चालत घरी गेले.

आक्का पंधरा दिवसांनी मागावर बसली. माझ्या कागदाप्रमाणं विणत गेली तर पहिल्या फुलापर्यंत ठीक, दुसऱ्यापाशी वेल एका बाजूला कलली. उसवून पुन्हा विणलं, पुन्हा कलली. मग तिनं मला न विचारता त्या अंगाला एक पान वाढवलं. वेल सरळ झाली. आप्पांनी मागाशी बसून अंगठा फिरवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथंच उभा होतो. आप्पा फाल्गुनात गेले, पण त्या वेळपर्यंत तीन साड्या उतरल्या होत्या.

मी हेडमास्तरांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. शाळेत रोज भेट होत होती. एकदा त्यांनी विचारलं, "काठ जमला?" मी म्हणालो, "जमला." ते म्हणाले, "बरं झालं." पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन निपाणीला मुलाकडे राहायला गेले. मग लढाई सुरू झाली, मोटारींचे हाल झाले, आणि माझ्या मनात ते एक पान तसंच राहून गेलं.

लढाई संपल्यावर एका सुटीत मी त्यांना भेटायला जायचं ठरवलं. अर्थातच आधी पत्र टाकलं. उत्तर आलं, 'चार वाजता यावे. सव्वापाचला परतीची मोटार आहे.' चारला गेलो. ते फार थकले होते, पण बोलणं तेच. मुंबईच्या लोकांना पत्राचं उत्तर वेळेवर द्यायची शिस्त कशी नाही, निपाणीच्या दवाखान्यात वेळ ठरवून कशी मिळवायची, यात पाऊण तास गेला. शेवटी मी मध्येच म्हणालो, "त्या काठात अकरा पानं होती. दोन्ही अंगांना."

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"आक्का पहिली साडी घेऊन घरी आलती, दाखवायला. मी हात धुऊन बघितली." त्यांची नजर माझ्या गुंडीवर होती. "सात वर्षं झाली."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाही?"

"तुम्ही सांगायचं होतं. मी कसं सांगू?"

मी उठलो. आतून बाई चहाचं विचारत होत्या, तो न घेताच निघालो. सात वर्षं मी त्या ओझ्यानं वाकलेला, आणि हे गृहस्थ आरामात वाट बघत बसले होते. निपाणीच्या बाजारातून चरफडत चाललो होतो. मोटारीचा अड्डा समोर दिसायला लागला तेव्हा ध्यानात आलं, की पानं अकरा होती एवढंच मी बोललो होतो. माझं चुकलं, गाडीत मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं, हे अजून राहिलंच होतं.

परत फिरलो. ते ओट्यावरच बसले होते. मी खालूनच म्हणालो, "हेडमास्तर, गाडीत मी जे बोललो ते चुकलं माझं."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "आता पळा, सव्वापाचची मोटार जाईल."

ती गेलीच होती.